काळजी करणे आणि काळजी घेणे

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या सभेत चार शब्द बोलण्यासाठी संस्थेने आम्हांस पाचारण केले, याबद्दल आम्ही चालकांचे ऋणी आहोत. निमंत्रणाच्या पत्रात विषयाची निवड आमच्यावर सोपवली होती. शाळामास्तराला अशी मुभा देणे धोक्याचे असते, हे चिटणीसांच्या बहुधा ध्यानात आले नसावे. पन्नास वर्षांच्या कार्याचा गौरव करण्यास आमच्याहून अधिकारी माणसे या व्यासपीठावर बसली आहेत. तो भाग आम्ही त्यांच्याकडे सोपवतो. आम्ही बोलणार आहोत ते २०२० आणि २०२१ या दोन साथीच्या सालांत आपल्या गावच्या महाविद्यालयीन मुलामुलींच्या मनाचे काय झाले, आणि त्यांना आधार नेमका कशाचा वाटला, याविषयी. त्या गोष्टीला आता पाच वर्षांहून अधिक काळ लोटला. पण संस्थेची अभ्यासिका आजही रोज संध्याकाळी भरते, तेथे बसणाऱ्या मुलांच्या चेहऱ्यांवर आम्हांला अधूनमधून तेच जुने काही दिसते, आणि म्हणून हा विषय शिळा झाला असे आम्हांस वाटत नाही.

मराठी भाषेत एक मौज आहे. चिंतेलाही आपण 'काळजी' म्हणतो आणि जपणुकीलाही 'काळजी'च म्हणतो. एक करावयाची, दुसरी घ्यावयाची. क्रियापद तेवढे बदलते. आमच्या घरी उर्दू बोलतात, आणि 'फिक्र' या शब्दाचेही थोडेफार असेच आहे. दोन शेजारी भाषांनी ही दोन माणसे एकाच खोलीत का राहू दिली असावीत, याचा विचार त्या दोन वर्षांत आम्ही पुष्कळ केला.

२४ मार्च २०२०च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. बुरहानपुरात तिचा पहिला पुरावा डोळ्यांना नव्हे, कानांना मिळाला. यंत्रमाग थांबले. ज्यांचा जन्म मागांच्या खटखटीत गेला, त्या म्हाताऱ्या माणसांना या शांततेत झोप येईना. पुढे २५ एप्रिलला रमजान सुरू झाला, पण मावा-जिलबीच्या कढया थंडच राहिल्या, आणि २५ मे रोजी ईदची नमाज लोकांनी घरातच अदा केली. हे सारे आपण भोगलेलेच आहे. बाहेरगावी शिकणारी मुले मात्र या काळात हळूहळू परत येत होती. कोणी पुण्याहून, कोणी जळगावहून, कोणी इंदूरहून. इच्छापूरच्या सरहद्दीवर तपासणी, मग चौदा दिवसांचे विलगीकरण, आणि त्यानंतर दोन खोल्यांच्या घरात सात माणसे व एक मोबाईल.

या मुलांच्या डोक्यावर टांगलेली तलवार केवळ रोगाची नव्हती. परीक्षा होणार की नाही, हेच मुळी कोणास सांगता येत नव्हते. महाराष्ट्रात जूनमध्ये सरकारने ठरविले की अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्यावयाच्या नाहीत. ६ जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगाने कळविले की त्या सप्टेंबरअखेर घेतल्याच पाहिजेत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २८ ऑगस्टला निकाल लागला की परीक्षेवाचून राज्यांना पदवीसाठी पुढे ढकलता येणार नाही, फार तर तारीख वाढवून मागावी. पुण्यात शिकणारा आमचा एखादा जुना विद्यार्थी जूनमध्ये पुस्तके बांधून ठेवी, जुलैत सोडी, ऑगस्टमध्ये नुसता त्यांच्याकडे पाहत बसे. इकडे आपली महाविद्यालये त्या वेळी इंदूरच्या देवी अहिल्या विश्वविद्यालयाशी संलग्न होती. मध्य प्रदेशात सप्टेंबरमध्ये घरी बसून, पुस्तक उघडे ठेवून उत्तरे लिहावयाची आणि वह्या केंद्रावर नेऊन द्यावयाच्या, अशी रीत निघाली. पुस्तक समोर असताना भीती कसली, असे पुष्कळ वडीलधारी तेव्हा हसत म्हणाले. ज्या घरात प्रश्नपत्रिका उतरवून घेण्यास एकच मोबाईल, आणि तोही दुपारपर्यंत धाकट्या भावाच्या वर्गात गुंतलेला, त्या घरातील मुलीस जाऊन विचारा.

आता शास्त्र काय सांगते ते थोडक्यात सांगतो. चीनमधील चांगझी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ७,१४३ विद्यार्थ्यांना साथीच्या आरंभी सात प्रश्नांची एक चाचणी देण्यात आली. या चाचणीला जीएडी-७ म्हणतात. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस अस्वस्थ वाटले, काळजी आवरता आली नाही असे कितीदा झाले, अशा स्वरूपाचे ते प्रश्न असतात. प्रत्येकास शून्य ते तीन गुण, एकूण एकवीस. सुमारे चौथा हिस्सा मुलांत, म्हणजे शेकडा २४.९ जणांत, कमीअधिक चिंता आढळली. त्यांतली बहुतेक सौम्य, तीव्र अशी शंभरात एकाहून कमी. आईवडिलांजवळ राहणारी, आणि ज्यांच्या घरची कमाई स्थिर होती अशी मुले त्या मानाने शांत होती. नात्यातल्या वा ओळखीच्या कोणास रोग झाला असेल तर चिंता अधिक. आणि ज्यांना माणसांचा आधार अधिक, त्यांची चिंता कमी.

हा शेवटचा निष्कर्ष ऐकून कोणी म्हणेल की एवढे सांगण्यास चीनपर्यंत कशाला जावयास हवे होते? आमची आजीही हेच सांगत असे. तथापि येथे एक अडचण आहे, आणि आजीने ती सांगितली नव्हती. ही पाहणी एकदाच झाली. आधार होता म्हणून मूल शांत राहिले, की मूल मुळात शांत होते म्हणून माणसे त्याच्याभोवती जमली, हे एका वेळच्या पाहणीने कळत नाही. झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील विद्यार्थ्यांची गोष्ट या दृष्टीने अधिक उपयोगाची आहे. तेथे काही विद्यार्थ्यांची माहिती साथीपूर्वीच घेतलेली होती, त्यामुळे आधीचे आणि नंतरचे ताडून पाहता आले. मित्रमंडळाच्या जाळ्यात जी मुले एका कडेला पडली, जी एकटी राहत होती, ज्यांना मनाचे बोलण्यास कोणी नव्हते, त्यांचेच अधिक बिनसले. म्हणजे आजी बरोबर होती. फक्त पुरावा उशिरा आला.

जाता जाता शब्दाविषयी एक तक्रार. त्या दिवसांत सर्वत्र 'सामाजिक अंतर' हा शब्द रूढ झाला. भिंतींवर, दुकानांच्या पाट्यांवर, पोलिसांच्या भोंग्यांवर तोच. वास्तविक दूर ठेवावयाचे होते ते शरीर. समाजाने दूर व्हावे असे कोणाच्याच मनात नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच 'शारीरिक अंतर' हा शब्द बरा असे सुचविले होते, पण तोवर पाट्या रंगवून झाल्या होत्या.

आता आम्ही मुख्य मुद्द्याकडे वळतो, आणि त्यासाठी आमच्याच एका चुकीची हकिगत सांगणे भाग आहे.

टाळेबंदीच्या पहिल्या महिन्यात आम्ही ठरविले की आमच्या हाताखालून गेलेल्या आणि आता महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांना रोज दोघातिघांना तरी फोन करावयाचा. वहीत नावे लिहिली, तारखा टाकल्या. शिक्षकी पेशाचा हा दोषच म्हणा, वही केल्यावाचून आम्हांस सत्कर्मही करता येत नाही. एक मुलगा पुण्यात शिकत होता, वडील मागावर कामाला, मुलगा घरी परतलेला. त्यास आम्ही आठवड्यातून दोनदा फोन करीत असू, आणि प्रत्येक वेळी पहिला प्रश्न ठरलेला: "काय रे, अभ्यास कसा चाललाय?" चार फोन त्याने घेतले. पाचव्यापासून घेईना. आम्ही मनात म्हटले, मुले अशीच. आपण जीव तोडावा आणि यांनी फोनही उचलू नये.

पुढे, पुष्कळ महिन्यांनी, तो एकदा शनवाऱ्यावर भेटला. चहा घेताना सहज बोलून गेला, "सर, रागावू नका, पण तुमचा फोन वाजला की माझ्या छातीत धडधडायचं. घरात मागाचे पैसे येत नव्हते, आणि तुम्ही विचारायचे अभ्यासाचं. वाटायचं, यांनाही आता तोंड दाखवायला नको."

बंधुभगिनींनो, आम्ही पदवीधर, त्यातही प्रशिक्षित. बालमानसशास्त्राचा पेपर देऊन उत्तीर्ण झालेले. आणि आमची काळजी घेणे हेच त्या मुलाची काळजी करण्याचे एक कारण होऊन बसले होते.

ती गोष्ट मनाला लागली, म्हणून आम्ही थोडे वाचन केले. या प्रश्नाचा अभ्यास करणाऱ्यांनी फार पूर्वीच एक भेद दाखवून ठेवला आहे. मिळालेली मदत वेगळी, आणि 'वेळ पडली तर मिळेल' हा भरवसा वेगळा. चिंतेवर उतारा म्हणून दुसरी गोष्टच अधिक गुणकारी ठरते. पहिलीचा परिणाम कधी चांगला, कधी शून्य, तर कधी उलटाही होतो. अमेरिकेत न्यूयॉर्कला वकिलीच्या सनदेसाठी मोठी कठीण परीक्षा असते. त्या परीक्षेस बसलेल्यांची आणि त्यांच्या जोडीदारांची महिनाभराची रोजनिशी संशोधकांनी तपासली. तो अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. दोघांनी वेगवेगळे लिहावयाचे: आज मी आधार दिला का, आज मला आधार मिळाला का. निघाले ते असे की, जोडीदाराने आधार दिला असे तो सांगतो, पण परीक्षार्थीच्या वहीत त्याची नोंदच नाही, अशा दिवसांनंतर परीक्षार्थीचे मन सर्वांत कमी खचले. आणि 'आज मला मदत मिळाली' असे ज्याने जाणीवपूर्वक लिहिले, त्याचे मन उलट अधिक उतरले. कारण उघड आहे. मदत दिसली की आपण मदतीला लागलो आहोत हेही दिसते.

आपल्या गावाला हे समजण्यास कठीण जाऊ नये. १६१५च्या सुमारास, खानखाना अब्दुल रहीम यांच्या अमदानीत, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने आपल्याकडे कुंडी भंडारा उभारला. जमिनीवरून चालणाऱ्यास शंभरावर कुंड्या सुट्या सुट्या दिसतात, एकीचा दुसरीशी संबंध नाही असे वाटते. पाणी खालून चालते. कोणत्या कुंडीने कोणत्या कुंडीस किती पाणी दिले, याची पाटी तेथे कोठे लावलेली नाही.

पाटीवरून आठवले. पहिल्याच टाळेबंदीत गावात अनेकांनी धान्याचे संच वाटले. देणाऱ्यांनी पदरमोड करून दिले आणि पुष्कळ घरी त्यामुळे चूल पेटली, याबद्दल शंका नको. एका वाटपाला आम्हीही पिशव्या भरण्यास उभे होतो. कोणी वाटप केले हे सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण दोष आमचाही आहे. प्रत्येक पिशवी देताना एक छायाचित्र घेतले जात होते. हिशेबासाठी, आणि देणाऱ्यांना उत्साह यावा म्हणून. रांगेत बी.एस्सी.च्या अंतिम वर्षाची एक मुलगी होती. वडिलांना बाहेर पडणे शक्य नव्हते म्हणून ती आली होती. संध्याकाळपर्यंत ते छायाचित्र गावभर मोबाईलवर फिरले, आणि तिच्या वर्गाच्या गटातही पोहोचले. तिने तो गट सोडला. त्या गटातच सूचना येत, त्यातच टिपणे येत, त्यातच दोन मैत्रिणी अशा होत्या ज्यांच्याशी ती रात्री मनातले बोलत असे. पाच किलो गहू मिळाला आणि दोन मैत्रिणी गेल्या. हा व्यवहार कोणत्या त्रैराशिकाने मांडावा, हे गणित शिकवूनही आम्हांस आजतागायत सुचलेले नाही.

तिची परीक्षा पुढे पार पडली, ती एका शेजारणीमुळे. या बाईंनी परीक्षेच्या दिवसांत आपला मोबाईल "चार्जिंगला लावायचा आहे, आमच्याकडचा बोर्ड बिघडलाय" असे सांगून सकाळीच हिच्याकडे ठेवावयास सुरुवात केली. बोर्ड बिघडला नव्हता. हे मुलीच्या आईला ठाऊक होते, आम्हांलाही पुढे कळले. मुलीला कळले की नाही, देव जाणे. त्या बाई चौथी यत्ता शिकलेल्या आहेत. न्यूयॉर्कची रोजनिशी त्यांनी वाचली असण्याचा संभव नाही.

आणखी एक गोष्ट आम्हांस त्या पुण्याच्या मुलाकडूनच कळली. तो सावरला कशाने? आमच्या फोनने नव्हे हे तर उघडच आहे. मे महिन्यात गल्लीतल्या लोकांना गावाबाहेर जाण्यासाठी ई-पास काढावयाचे होते. अर्ज संगणकावर भरावयाचा, आणि तो भरता येणारा गल्लीत हाच. एकाचे दवाखान्याचे काम, दुसऱ्याची लेक रावेरला अडकलेली, तिसऱ्याची केळीची गाडी. महिनाभर त्याच्या ओट्यासमोर माणसे येत होती, अर्थात अंतर ठेवून. लोक त्याचा आधार घेत होते, आणि त्याच काळात त्याला रात्रीची झोप परत आली. आधार ही दोन्ही दिशांनी वाहणारी गोष्ट आहे, आणि वीस वर्षांच्या मुलास, ज्याचा बाप घरी बसला आहे आणि जो स्वतःही घरी बसला आहे, घेण्यापेक्षा देण्याची संधी अधिक औषधी ठरते, असे आमचे मत झाले आहे. चीनच्या पाहणीत घरच्या स्थिर कमाईचा उल्लेख आला तो याचसाठी महत्त्वाचा. आईबापांची माया टाळेबंदीत कमी झाली नव्हती. पण कमाई थांबली की त्याच मायेचे मुलाला ओझे वाटू लागते.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. काही मुलांची चिंता शेजारणीच्या मोबाईलने वा ओट्यावरच्या कामाने जाण्याजोगी नसते. झोप नाही, जेवण नाही, छातीत धडधड थांबत नाही, जगण्यावरचे मनच उडाले आहे, अशी लक्षणे आठवडे चालली तर तो आजार आहे आणि त्याला वैद्य पाहिजे. साथीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्याचे प्रमाण सुमारे शेकडा पंचवीसने वाढले असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले. त्याच वर्षी ऑक्टोबरात भारत सरकारने 'टेली-मानस' ही फोनसेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य. अभ्यासिकेच्या दारावर हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लावावा अशी आमची सूचना आहे. ही पाटी मात्र लावण्याजोगी आहे.

आता शेवटचा भाग, आणि तो बोलताना आम्हांस थोडा संकोच वाटतो.

या संस्थेने पन्नास वर्षांत किती मुलांचे शुल्क भरले, हे अहवालात छापलेले आपण वाचालच. साथीच्या दिवसांत अभ्यासिकेचे दार बंद असतानाही तिच्या ओसरीवरचा दिवा आणि वायफाय रात्री उशिरापर्यंत चालू ठेवण्याचे चालकांनी ठरविले, आणि कोणी यावे, कोणी जावे, नाव लिहावे न लागे. तीन-चार मुले दूर दूर पायऱ्यांवर बसून टिपणे उतरवून घेत असत. आमच्या दृष्टीने संस्थेचे ते सर्वांत मोठे काम, आणि अहवालात त्याची एक ओळही नाही. बहुधा त्यामुळेच ते साधले.

परंतु आजच्या कार्यक्रमपत्रिकेत आमच्या भाषणानंतर 'गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती-वाटप' असे कलम आहे. नावे पुकारली जातील, मुले एकेक करून वर येतील, पाकीट घेतील, छायाचित्र निघेल आणि पुढल्या स्मरणिकेत छापलेही जाईल. पन्नास वर्षांची ही रीत आहे आणि ती प्रेमाने पडलेली आहे. आमच्या लहानपणी आम्हीही असेच एका व्यासपीठावर चढून पाकीट घेतलेले आहे. ते पाकीट नसते तर आम्ही आज मास्तर नसतो. याचे उपकार आम्ही विसरलेलो नाही. पण त्यावरचा 'गरजू' हा शब्द, आणि पायऱ्या उतरताना पहिल्या रांगेत बसलेल्या वर्गमित्रांनी आमच्याकडे पाहिले ते पाहणे, हेही आम्ही विसरलेलो नाही.

आमची विनंती इतकीच की रक्कम परस्पर महाविद्यालयात भरावी, मुलास फक्त पावती पोहोचावी, आणि व्यासपीठावर बोलवावयाचेच तर त्याने काय केले यासाठी बोलवावे. आणि दरवर्षी शिष्यवृत्ती घेणाऱ्या प्रत्येक मुलाकडे संस्थेने एखादे काम मागावे: अभ्यासिकेत लहानांना आठवड्यातून एक तास शिकवणे, कोणाचा अर्ज भरून देणे, एखाद्या म्हाताऱ्याला दवाखान्यात सोबत करणे. कामाच्या बदल्यात पैसे असा अर्थ मात्र कोणी करू नये. काम न करणाऱ्याचेही शुल्क भरावे.

हे सारे आम्ही काल संध्याकाळी चिटणीसांना सांगितले होते. ते म्हणाले, पाकिटे तयार आहेत, नावांची यादी टंकून झाली आहे, मुले आईवडिलांसह येऊन बसतील. आम्ही म्हटले, मग आम्हांस बोलू द्याल का? त्यांनी विचार केला, आणि म्हणाले, बोला. आपल्याच पुढच्या कलमावर टीका करणाऱ्यास व्यासपीठ देणारी संस्था पन्नास वर्षे का टिकली, हे आम्हांस तेव्हा समजले.

अध्यक्षमहोदय, यादी आपल्यासमोर टेबलावर आहे. ती वाचावयाची की मुलांना आत चहाला बोलावून पाकिटे हाती द्यावयाची, हे आपण ठरवावे. आम्हांस दिलेला वेळ संपला आहे. आपणा सर्वांची रजा घेतो.